पहिली हजेरी

शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर बरं म्हणून, बाकी इतिहासाशी माझा काही संबंध नव्हता. मी बावीस वर्षांचा, तात्पुरत्या नेमणुकीवरचा मराठीचा मास्तर होतो. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरहून रामाकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हिंदी राज्यातल्या मराठी पट्ट्यात आमचं गाव, आणि गावातल्या माध्यमिक शाळेला पंचवीस वर्षं होणार होती. रौप्यमहोत्सव करायचा असं ठरलं होतं. कशासाठी करायचा, हे कोणी विचारलं नाही. छपराचे निम्मे कवेलू फुटलेले होते. मराठीच्या वर्गात सतरा पोरं उरली होती, आणि ज्या आईबापांना थोडंफार कळत होतं त्यांनी आपली मुलं हिंदीच्या वर्गात घालून टाकली होती. अशा शाळेचा उत्सव म्हणजे आजारी माणसाला फेटा बांधून ओट्यावर बसवण्यासारखं होतं. पण हेडमास्तरांना निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं आणि जाण्याआधी त्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. दर मंगळवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचे, आणि बुधवारी सगळ्या स्टाफला प्रसाद वाटायचे. माझ्या हातावर ठेवतानाही त्यांचा हात वरच्या वर राहायचा नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण स्टाफमधले सगळेच तसे नव्हते. आमच्या बौद्ध वस्तीतून त्या शाळेत मास्तर झालेला मी पहिलाच होतो आणि या गोष्टीची मला दिवसातून एकदा तरी कोणीतरी आठवण करून द्यायचं, कधी कौतुकानं, कधी नुसतं पाण्याच्या माठाकडे बघून.

"मास्टरसाहेब," हेडमास्तर म्हणाले, "चार पन्ने लिहा. शाळा कशी निघाली, मोठे गुरुजी कसे गावोगाव फिरले, सगळं येऊ द्या. आपण स्मरणिका छापून राहिलो." आणि त्यांनी जुन्या लोखंडी पेटीची किल्ली माझ्या हातात दिली.

मोठे गुरुजी म्हणजे शाळा काढणारे. गावात त्यांचं नाव देवासारखं घेत. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, जिथं पूर्वी कापसाचं वजन व्हायचं, तिथं त्यांनी सहावीचा वर्ग भरवला. फळा स्वतः रंगवला. पोरं गोळा करायला सायकलवर फिरले. मी पाचवी पास झालो तेव्हा ते आमच्या घरीही आले होते. दारात उभं राहून मायला म्हणाले होते, "पोरगं हुशार आहे, त्याला कामाला लावू नका, माझ्याकडे पाठवा." माय पदर पुढं ओढून नुसती उभी होती. मी शाळेत गेलो आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. आता ते पांढुर्ण्याला, म्हणजे नदीपलीकडे सावरगावात, मुलाजवळ राहत होते.

पेटीत वाळवी लागलेल्या कागदांखाली दाखल-खारिजचं पहिलं रजिस्टर सापडलं. गुरुजींचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मला फारसं आवडलं नाही. पहिल्या वर्षाच्या पानावर बत्तीस नावं होती. तेवीस एका शाईत, आणि त्याखालची नऊ दुसऱ्या शाईत, एकाच दिवशी घातलेली. नऊच्या नऊ मुली. नऊजणींचीही जन्मतारीख एक जुलै. बापाचा धंदा पहिल्या मुलीसमोर 'मजुरी' लिहिलेला आणि खाली आठ वेळा तेच, अशा खुणा केलेल्या. पुढं सगळ्यांवर एक लांब तांबडी रेघ होती: सतत गैरहाजर, नाव कमी केलं.

मी पान उलटणारच होतो. पण सव्विसाव्या नावापुढं माझ्या आबाचं नाव होतं, आबा म्हणजे मायचे वडील, आमच्याच वस्तीतले. आणि नाव मायचं होतं. लग्नात बदललेलं नव्हे, त्याच्या आधीचं, माहेरचं. ते नाव मी आबाच्या तोंडून लहानपणी दोन-चारदा ऐकलं असेल. आबा गेल्यापासून तर ते नाव कोणी घेतलंच नव्हतं.

माझी माय अंगठा लावायची. रेशनच्या दुकानात, पंचायतीत, मी शाळेत लागलो तेव्हा पेढे द्यायला जिथं जिथं गेली तिथं तिथं तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, मी अंगठा अन् माहा पोरगा मास्तर. ती सहावीत होती हे रजिस्टर मला सांगत होतं.

संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती तेव्हा मी विचारलं, "माय, तू आपल्या शाळेत होतीस काय?"

तिचे हात थांबले. "कोनं सांगतलं तुले?"

"रजिस्टरमध्ये नाव आहे."

"अजून हाय?" ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली. मग स्वतःहून सुरू झाली. "तीन दिवस गेली होती मी. दुसरीपर्यंत तं इकडच्या लहान शाळेत जाऊन-येऊन होतीच. मंग कापसाले लागली. एक दिवस मोठे गुरुजी वावरात आले. आम्ही येचून राहिलो होतो. तुह्या आबाले म्हने, छिंदवाड्याहून साहेब येऊन राहिला, पट भरत नाही. पट नाही भरला तं शाळा जाते. तीन दिवस पोरी द्या. आबा म्हने, न्या."

"अन् मग?"

"मंग काय. नऊजनी गेलो. शेजारची तुही मावशी बी होती. दोन दिवस गुरुजीनं शिकवलं, कसं बसाचं, नाव घेतलं का कसं हजर म्हनाचं. मले एक पान पाठ करून देलं. तिसऱ्या दिवशी साहेब आला अन् मलेच उभं केलं. मी पुस्तक हातात धरलं अन् म्हनून टाकलं पूरं."

आणि चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं ते पान म्हणून दाखवलं. गावाजवळ एक ओढा आहे, ओढ्याच्या काठी चिंचेची तीन झाडे आहेत, पावसाळ्यात ओढ्याला पाणी येते तेव्हा मुले काठावर उभी राहतात. असंच काहीतरी साधं, पण 'आहेत' आणि 'राहतात' करत, पुस्तकी, एकही अक्षर न चुकता. मायच्या तोंडून अशी भाषा मी कधी ऐकली नव्हती. मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

"साहेबानं डोक्यावर हात ठेवला," ती म्हणाली. "म्हने, पोरगी हुशार हाय."

"चौथ्या दिवशी?"

"चौथ्या दिवशी बाकीच्या येचनीले गेल्या. मी आपल्या मनानंच शाळेत गेली. गुरुजी दरवाज्यात होते. म्हने, बेटा, आता काम झालं, जुलैमधी ये, मंग पाहू." तिनं भाकरी उलटली. "जुलैपर्यंत तं माहं लगनच झालं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. ज्या गुरुजींनी मला दारात येऊन शाळेत नेलं, त्याच दारात पदर ओढून उभी असलेली बाई कोण, हे त्यांना ओळखू आलं नव्हतं. तिनं तरी कुठं सांगितलं होतं! त्या रागाच्या भरात मी नको ते बोलून गेलो. मी तिला सांगितलं की समारंभात ठरल्याप्रमाणे गुरुजी स्वतः पहिल्या वर्षाची हजेरी पुन्हा घेणार आहेत. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहून 'हजर' म्हणायचं, मंचावर जायचं, शाल-नारळ घ्यायचं. तुझंही नाव येईल.

"माहं?" ती म्हणाली. "पूरं नाव घेतीन?"

"पूरं. आबाच्या नावासकट."

दुसऱ्या दिवशी कामावरून घरी आलो तर दोरीवर तिची जयंतीची पांढरी साडी वाळत होती, नीळ घालून धुतलेली. समारंभाला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत तिनं मला तीनदा विचारलं की आता 'हजर'च म्हणतात ना, की हिंदीतून काही म्हणावं लागतं. एकदा तर मी आत जेवत होतो आणि ती बाहेर अंगणात एकटीच हळू आवाजात 'हजर' म्हणून बघत होती. मला ऐकू येतं हे तिला माहीत नव्हतं.

मी हेडमास्तरांना रजिस्टर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ती नऊ नावं वाचली आणि रजिस्टर मिटलं. "हे मान्यतेसाठी केलं असेल गुरुजींनी. तेव्हा सगळ्याच शाळा करत होत्या," ते म्हणाले. "बोलावता, नाही बोलावता, तुम्ही बघा. इतिहास तुमच्या हातात आहे." ते खरोखरच चांगुलपणानं म्हणाले. त्यांनी 'नको' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, म्हणजे आयुष्यभर मला त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

दोन दिवस मी बोलवायचं असंच धरून चाललो होतो. मग समारंभाची कामं वाटली गेली. ज्यांचा सत्कार होईल त्यांनी मंचाच्या पायरीशी एका नव्या कोऱ्या रजिस्टरात सही करायची, अशी हेडमास्तरांची कल्पना होती. पुढच्या पन्नास वर्षांसाठी आठवण राहील म्हणे. त्या टेबलावर बसायचं काम माझ्याकडे आलं. अक्षर बरं म्हणून! आणि हेडमास्तर सहज म्हणाले, "एक शाईचं पॅडही ठेवून द्या. कोणी जुनं माणूस असलं तर."

ते पॅड माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. सगळ्या गावासमोर, तहसीलच्या साहेबांसमोर, माठाकडे बघणाऱ्या त्या मास्तरांसमोर माझी माय पांढरी साडी नेसून पायरीशी येणार, आणि मी पॅड तिच्याकडे सरकवणार. शाळेच्या पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी, शाळेतल्या मराठीच्या मास्तरची आई, आणि अंगठा. मला लाज वाटली. शाळेची वाटायला हवी होती, मायची वाटली. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना दुसरं काहीतरी कारण सांगावंसं वाटतं. सुचत नाही.

मी सुवाच्य अक्षरात नवी यादी केली. तेवीस नावांची.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मायला म्हणालो, "माय, ते फक्त पास झालेल्यांनाच बोलावून राहिले."

ती साडीच्या घड्या करत होती. "बराबर हाय," ती म्हणाली. "आपन कुठं पास झालो?" तिनं घडी पेटीत ठेवली, झाकण लावलं. "मंग मी येचनीलेच जाईन उद्या. सडकेच्या वावरात बोलावलंच होतं. तू सदरा कोनता घालतं?"

समारंभ तसा झाला जसे असे समारंभ होतात. पाहुणे दोन तास उशिरा आले. थंडीचे दिवस असून ऊन लागत होतं आणि मंडपाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. कवेलूंवर दोन भोंगे बांधले होते, एक गावाकडे तोंड करून आणि एक सडकेकडे. स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली मधेच विसरल्या. तहसीलच्या साहेबांनी हिंदीतून लांबलचक भाषण केलं आणि शाळेचं नाव चुकीचं घेतलं, त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी टेबलावर बसून पेन, रजिस्टर आणि पॅड सरळ रेषेत लावत होतो.

मग मोठे गुरुजी उठले. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्या हातात माझी यादी दिली. त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली, मागून-पुढून पाहिली आणि माइकवरच म्हणाले, "हे माझं नाही. माझं रजिस्टर आणा."

रजिस्टर माझ्याच टेबलावर शोभेला ठेवलेलं होतं. मीच ते नेऊन दिलं.

त्यांनी पहिलं नाव घेतलं. टक्कल पडलेला एक माणूस उभा राहून "हजर, गुरुजी" म्हणाला आणि त्याला रडू आलं. दुसऱ्याला कोणी उत्तर दिलं नाही, मागून एकजण म्हणाला, "गेले ते, गुरुजी." गुरुजी थांबले, मान हलवली, पुढं गेले. तेवीसपैकी अकरा आले होते. शाल, नारळ, सही. पॅडची गरज कोणालाच पडली नाही.

तेविसाव्यावर गुरुजी थांबतील असं मला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. चोविसावं नाव घेतलं. मंडपात शांतता. पंचविसावं. पहिल्या रांगेतले हेडमास्तर माझ्याकडे बघू लागले. सव्विसावं नाव गुरुजींनी नीट, सावकाश, बापाच्या नावासकट घेतलं आणि मान वर करून वाट पाहिली. भोंग्याची घरघर तेवढी येत होती. त्यांनी तेच नाव पुन्हा घेतलं. आमच्या वस्तीतले सगळे कामाला गेले होते, मंडपात ते नाव कोणाच्या ओळखीचं नव्हतं. मी त्यांच्यापासून चार पावलांवर बसलो होतो. उभं राहून म्हणायचं होतं फक्त, की गुरुजी, ती माझी माय आहे आणि ती इथं सडकेच्या वावरात आहे. मी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली, नावासमोर काहीतरी केलं आणि पुढचं नाव घेतलं. नंतर मी पाहिलं, गैरहाजरीची खूण होती.

परतीच्या बससाठी त्यांना सोडायला मीच गेलो. स्टँडवरच्या दगडी बाकावर शाल मांडीवर घेऊन ते बसले होते. "नऊजणींपैकी एकही आली नाही," ते म्हणाले. "बोलावणं गेलं होतं ना?"

"पत्ते लागले नाहीत, गुरुजी."

"त्यात एक होती," ते म्हणाले. "अख्खं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं तिनं. साहेब तिच्यावर खूश झाला म्हणून शाळा राहिली, नाहीतर तेव्हाच बंद पडली असती. चौथ्या दिवशी ती परत आली बघा. एकटी. मी तिला दारातून वापस केलं. पट भरला होता ना माझा." त्यांनी मांडीवरची शाल सारखी केली. "तिचं घर कोणतं, काही आठवत नाही आता. तुम्ही त्याच वस्तीतले ना? तपास करा, जमलं तर. एकदा भेटायचं होतं."

"करतो," मी म्हणालो. बस आली. मी त्यांना हाताला धरून चढवलं.

घरी आलो तेव्हा दिवस बुडायला आला होता. माय कामावरून आली होती, हातपाय धुऊन दारात बसली होती. बोटांना बोंडांचे ओरखडे होते, नेहमीचेच.

"कसा झाला कारेक्रम?"

"बरा झाला."

"गुरुजी आले होते?"

"हाव."

"हजेरी घेतली?"

"घेतली."

"माहं नाव घेतलं काय?"

"नाही, माय," मी म्हणालो. "यादीतच नव्हतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पदरानं हात पुसले. "मंग बरं झालं आली नाही ते," ती म्हणाली. "उगाच ताटकळली असती." आणि जेवण वाढायला आत गेली.

तिसऱ्या दिवशी हातपंपावर शेजारची मावशी भेटली. लहानपणापासूनची मायची मैत्रीण, त्या नऊमधलीच एक. बादली भरता भरता मला म्हणाली, "काहून रे, तुह्या मायनं सांगतलं नाही तुले? परवा आम्ही येचून राहिलो होतो तं भोंग्यातून तिचं नाव आलं. पूरं, बापाच्या नावासकट! माहं बी आलं मागून. मी तं ओटीत कापूस घेऊन उभीच राहिली. पन तुही माय! पाय जोडून सरळ उभी झाली अन् शाळेकडे तोंड करून वरडली, 'हजर, गुरुजी!' दोनदा नाव घेतलं तं दोनदा. आम्ही हसून हसून बेजार. इतक्या दुरून कोनाले आइकू येते, बापा? मंग ते वावराच्या धुऱ्यावर बसली जाऊन. लय टेम बसली."

माझी बादली भरून वाहत होती. मावशीनंच ती बाजूला केली.

म्हणजे नाव घेतलं काय, हे तिनं मला विचारलं तेव्हा तिला माहीत होतं.

स्मरणिका छापून आली. तीत मी लिहिलं आहे, पहिल्या वर्षी तेवीस विद्यार्थी होते. चार पानं, अक्षराची चूक एकही नाही. पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींचं एक पोस्टकार्ड आलं, त्या मुलीचा तपास लागला काय म्हणून. त्याला मी उत्तर पाठवलं नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगला मानूस होता," आणि त्या दिवशी कामाला गेली नाही.

आता मायलाही जाऊन बरीच वर्षं झाली. मावशीनं मला सगळं सांगितलं आहे, हे मी तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. तिनंही मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.